दिग्या, तुझ्या नावाची कंबरेएवढी ट्रॉफी

दिग्या, एसटी स्टँडसमोर तुझा बॅनर लागलाय. त्याचा फोटो मला इथे मोरबीला मोबाईलवर आला. वर लिहिलंय, ‘वाशीम जिल्ह्याचा वाघ’. खाली हात जोडलेले बरेच चेहरे, आणि त्यात मधोमध, तुझ्याहून जरासाच लहान, मुरलीभाऊंचा. तू गेलास, का ते निवडणुकीला उभे राहिलेत, हे पाहणाऱ्याला चटकन कळत नाही.

तू कशाने गेलास ते मी लिहीत नाही. ते तुझ्या डॉक्टरपेक्षा स्टँडवरच्या पानठेल्याला जास्त ठाऊक आहे. तेरवी झाली. मला यायला मिळालं नाही. ठेकेदाराने विचारलं, “सगा भाई था क्या?” आणि माझ्या तोंडून “दोस्त” निघून गेलं. दोस्त मेल्यावर सुट्टी मिळत नाही, असा इथला कायदा आहे.

मुरलीभाऊ तुला ठाऊक आहेत, पण हे दुसरं कोणी वाचलं तर त्याच्यासाठी सांगतो. आपल्या मंगरूळच्या क्रीडा मंडळाचे ते अध्यक्ष. त्याच्या आधीपासून मैदानावरचा माईक त्यांच्याच हातात. बास्केटबॉलमध्ये चेंडू गोल असतो आणि रिंग वर असते, एवढं त्यांना पक्कं माहीत आहे. तेवढ्या भांडवलावर माणूस मंगरूळमध्ये जन्मभर बोलू शकतो.

त्यांचा फोन आला. आवाज रडवेला होता, दोन वाक्यं टिकला.

“संज्या, तू त्याचा जिगरी. रविवारी शोकसभा हाय. चार ओळी लिहून पाठव, मी वाचतो माईकवर. पन रडारड नको. त्याचे पॉइंट सांग. वाशीमच्या फायनलमधी कसा सुटला होता, ते लिही. आपन त्याच्या नावानं चषक चालू करून राह्यलो. जो सगळ्यात जास्त पॉइंट टाकीन त्याले ट्रॉफी. कंबरेएवढी!”

“कोणाच्या कंबरेएवढी?”

“तुह्या नाही बे उंटा. मानसाच्या.”

मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “अन् हे पाय, माह्या नव्या गोदामावर भरोशाचा मानूस पायजे. किती साल त्या गुजरातमधी टाईल्स उचलशीन? बायको-पोरगी इथं, तू तिथं. ये वापस. जागा तुहीच समज. पयले ते लिहून पाठव.”

म्हणजे बघ, तुझ्या पॉइंटांचं मी लिहायचं, आणि त्या बदल्यात मी घरी यायचं. माझी पोरगी आता मला फोनवर “तुमी कवा येता” असं विचारते, पाहुण्याला विचारावं तसं. मंगरूळमध्ये चार भिंतीच्या आत, बायकोच्या हातची भाकर खाऊन गोदामाची किल्ली सांभाळायची, यापेक्षा मोठं मला काही नको आहे. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला जागा रोज चालून येत नाही. चार ओळी तर लिहायच्या. तुझे पॉइंट तर खरेच होते.

तीनदा लिहायला बसलो. तीनदा तू मध्ये आलास.

मी शाळा सोडली ते तुला आठवत असेल. उसाच्या टोळीबरोबर गेलो, हंगाम संपल्यावर परत आलो, आणि मैदानाच्या तारेला धरून उभा होतो. आत यायची छाती नव्हती, कारण मैदान शाळेच्या पोरांचं, आणि आपण आता शाळेचे नाही. तू चेंडू घेऊन तारेपाशी आलास.

“काय पाह्यतं बे लंब्या? आत ये.”

“माह्यं नाव कटलं शाळेतून.”

“शाळेतून कटलं ना? रिंगेतून थोडी कटलं.”

आतली पोरं कुरकुरली, तर तू त्यांना म्हणालास, “उंची पायजे का नाही तुमाले? मंग हे पाहा, देवानं फुकट पाठवली.” तुझे जुने बूट मला येत नव्हते, तर तू त्यांचा पुढचा भाग ब्लेडने कापून दिलास. माझी बोटं बाहेर, बाकी पाय आत. त्या बुटांवर मी दोन हंगाम खेळलो. त्यानंतर आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही दिलं म्हणून सांगतात, पण आत कोणी बोलावलं ते एकदाच.

आणि मग तू मला उभं केलंस. खरंच, नुसतं उभं. रिंगच्या जवळ, जिथे सगळ्यात जास्त कोपरं लागतात तिथे, ज्या जागेला पोस्ट म्हणतात. माझं काम काय, तर तुझ्यामागे धावणाऱ्या पोराच्या वाटेत छाती काढून उभं राहायचं. तो माझ्यावर आपटायचा, तेवढ्यात तू मोकळा, आणि तू मोकळा म्हणजे चेंडू आत. याला खेळातली माणसं स्क्रीन म्हणतात. आपण आडोसा म्हणायचो. चेंडू हुकला तर तो बोर्डावरून उडालेला मी पकडायचा आणि परत तुझ्याच हातात द्यायचा. मुरलीभाऊ माईकवरून ओरडायचे, “दिगंबर! दिगंबर! पुन्हा दिगंबर!” तीन वेळा तुझं नाव यायच्या मध्ये दोन वेळा माझ्या बरगडीत कोपर गेलेलं असायचं. त्याची घोषणा कधी झाली नाही.

आपल्याकडची ती रीत तर मी इथे कोणाला सांगितली की हसतात. जिंकलो की ज्याचे पॉइंट जास्त, त्याला खांद्यावर घेऊन मैदानापासून दर्ग्याच्या कमानीपर्यंत न्यायचं, तिथे सगळ्यांना चहा. पॉइंट जास्त तुझेच. आणि संघात खांदे सगळ्यात उंच कोणाचे, तर माझे. म्हणजे पोरं माझ्या अंगावर आपटणार, आणि वरून तुला वाहूनही मीच नेणार. तू वर बसून लोकांना हात करायचास आणि खाली टाचेने माझ्या छातीत मारायचास, “हळू चाल ना बे, दिसू तर दे लोकायले!”

एकदा कमानीपाशी तुला खाली उतरवताना मी म्हटलं होतं, “आज तुह्या पॉइंटातले अर्धे माह्ये.”

तू चहाचा कप तोंडाशी नेलास आणि म्हणालास, “पोस्टमधी झाड लावलं असतं तरी चाललं असतं. झाड बोलत तरी नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. पण तो वाद तिथे सुरू झाला तो आजतागायत चालू आहे, आणि आता तू असा निघून गेलास की उत्तर द्यायची पाळी माझी, आणि ऐकायला तू नाहीस. हा तुझा जुनाच धंदा. स्वतः टाकायचं आणि पळायचं.

मग तुला नागपूरच्या संघाने उचललं. फायनलमधले तुझे पॉइंट पाहून उचललं. मुरलीभाऊंनी तुला निरोपाला हार घातला, माईकवरून ‘आमचा वाघ’ म्हणाले. नागपूरच्या लोकांना तुझ्याहून वीतभर उंच शूटर होते. त्यांनी तुला मागे नेलं, चेंडू आणायच्या जागेवर. तू चेंडू आणायचा, दुसऱ्याला द्यायचा, आणि परत मागे. ज्या हाताने रिंगेत टाकायचं त्या हाताने आता वाढप्यासारखं वाढायचं. हात तोच. दिग्याही तोच. फक्त जागा बदलली, आणि तुझे पॉइंट असे आटले की तुझ्या नावापुढे शून्य दिसायला लागलं.

एका हंगामात तू परत आलास. स्टँडवर उतरलास तेव्हा हार नव्हता. मुरलीभाऊ पानठेल्यावर उभे होते. “वाघ म्हनून पाठवला, मांजर होऊन आला,” म्हणाले. सगळा ठेला हसला. तेच लोक आज बॅनरवर हात जोडून उभे आहेत. मी एकेक चेहरा मोठा करून पाहिला.

या लोकांचं मला कधीच कळलं नाही. दुधात फॅट असावं तसे पॉइंट माणसाच्या अंगात असतात, असं त्यांना वाटतं. कोणत्याही डेअरीत नेलं तरी तेवढंच लागलं पाहिजे. कमी लागलं की दूध खराब. यांच्या घरी बैलजोडीत उजवीकडचा बैल डावीकडे जुंपला तर नांगर वाकडा जातो, हे यांना बापजाद्यापासून ठाऊक आहे. तिथे बैलाला कोणी मांजर म्हणत नाही. माणूस म्हटला की अक्कल गहाण.

आणि यांची खरी अक्कल तर तू नागपूरला असताना दिसली. तुझी जागा रिकामी, म्हणून मुरलीभाऊंनी फर्मान काढलं, “संज्या उंच हाय, रिंगेच्या जवळ पोचते, त्याले शूटिंगले उभं करा.” मला बाहेर उभं केलं आणि आडोशाला कोणालाच नाही. मी टाकलेला चेंडू एकदा बोर्डाच्या पलीकडे जाऊन भेळवाल्याच्या टोपलीत पडला. तो मुरमुरे झटकत म्हणाला, “भाऊ, गिऱ्हाईक असं नाही आनत कोनी!” तुझ्यासारखं मोकळं व्हायला मला कोणी संज्या नव्हता ना. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर. तेव्हा मुरलीभाऊंचा निकाल काय, तर “या पोरात दम नाही.” तुझ्यात दम नाही, माझ्यात दम नाही. दम फक्त माईकमध्ये.

इथे मोरबीतही तेच आहे, म्हणून फार दूर आल्यासारखं वाटत नाही. भट्टीच्या तोंडाशी जो उभा, त्याच्यासमोर फुटक्या टाईल्स जास्त येतात. त्या निवडून बाजूला काढायच्या, मग पुढच्याचे बॉक्स भराभर भरतात. संध्याकाळी सुपरवायझर बॉक्स मोजतो आणि भट्टीवाल्याला म्हणतो, “तू धीमा है.” भट्टीवाला मी. मी खाली पाहतो, कारण मला नोकरीची भीती वाटते. मला सगळ्याचीच भीती वाटते, तुला ठाऊक आहे. सामन्याच्या आधी मी उलटी करायचो आणि तू पाठ थोपटत म्हणायचास, “घे, पोट हलकं झालं. आता उंच उडशीन.”

पण दिग्या, मला लिहायचंय ते गेल्या दिवाळीचं.

मी आठ दिवस आलो होतो. मंडळाचा सामना होता. आत जाऊन पाहतो तर पोस्टमध्ये तू. माझ्या जागेवर. संघात उंच कोणी उरलं नव्हतं, आणि बाहेर टाकायला नवी चपळ पोरं आली होती, म्हणून तू स्वतःहून आत जाऊन उभा राहिला होतास. तुझ्याहून हातभर उंच गडी तुझ्यावर आपटत होते. तू पडायचास, उठायचास, पुन्हा त्याच पोराच्या वाटेत. कोणता पोरगा कुठून सुटणार हे तुला त्याच्या आधी कळायचं, कारण तू स्वतः जन्मभर तसा सुटत आला होतास. आडोसा कुठे हवा असतो हे शूटरइतकं कोणाला ठाऊक? मला कधी एवढं जमलं नाही. मी उभा राहायचो. तू वाट तयार करत होतास.

मुरलीभाऊ माईकवर होतेच. “दिगंबरभाऊंचं खातं अजून उघडलं नाही! बँक बंद हाय का भाऊ?” लोक हसत होते. आपला संघ जिंकत होता आणि लोक तुला हसत होते. मंगरूळमध्येच हे होऊ शकतं.

सामना संपला. नव्या पोराला खांद्यावर घेतलं. तू ओठाचं रक्त पुसत माझ्याकडे आलास. मला संध्याकाळची गाडी धरायची होती, पिशवी हातात होती.

“लंब्या, खरं सांग. आडोसा बराबर लागत होता का?”

“पाय फाकवून उभा राह्य. कमरेतून वाकतं तू.”

“आता तू मले शिकवशीन का?”

“झाडाले तर इचारलंच ना तू.”

तू हसलास, आणि मग एकदम म्हणालास, “मी काहीच नव्हतो बे. तूच होता. नागपूरले समजलं मले.”

“चूप बे,” मी म्हटलं. तेवढ्यात मैदानाबाहेर गाडी लागली आणि कंडक्टर ओरडला. आपलं शेवटचं बोलणं हे.

त्याचं उत्तर आता देतो. तू चूक होतास. आधी तुला वाटायचं सगळं तुझंच, ते चूक. मग वाटलं सगळं माझंच, तेही तेवढंच चूक. तुझ्याशिवाय मी भेळवाल्याच्या टोपलीत चेंडू टाकणारा माणूस. माझ्याशिवाय तू नागपूरचा वाढपी. आणि त्या दिवाळीला तू जो खेळ खेळलास, ज्यात तुझ्या नावावर एकही पॉइंट नाही, तो मी पाहिलेला तुझा सगळ्यात मोठा खेळ. वाशीमची फायनल त्याच्यापुढे पोरखेळ. हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. पुढच्या दिवाळीला सांगू म्हटलं. आता तो खेळ खेळणाऱ्याच्या नावाने हे लोक जास्त पॉइंटवाल्याला ट्रॉफी देणार, आणि त्याचं मंगलाष्टक मी लिहून द्यायचं, गोदामाच्या किल्लीसाठी.

परवा तुझ्या घरून वैशालीवहिनींचा फोन आला. चहाची सुट्टी होती.

“भाऊजी, मुरलीभाऊ घरी येऊन गेले. मले म्हनतात, वयनी, तुमी स्टेजवर बसा, ट्रॉफी तुमच्या हातून देऊ. मी म्हनलं, कायची ट्रॉफी? तर म्हने जास्त पॉइंटची. मले काही पटलं नाही. दिवाळीपासून हे घरी एकच बोलत, आडोसा अन् आडोसा. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मले दाखवत. मी म्हनो, सरका ना बाप्पा, पोळी जळून राह्यली! तुमीच सांगा, काय करू?”

मी काय सांगू? माझ्या डोळ्यापुढे गोदाम होतं. पोरगी होती. मग दिवाळीचा तो सामना त्यांना सांगितला, आत्ता वर लिहिला तसा. त्या ऐकत राहिल्या. नाक ओढल्याचा आवाज आला.

“मंग असं करा,” त्या म्हणाल्या. “नाव आमच्या घरचं हाय. नाव पायजे असन तर बक्षीस कायले द्याचं ते आमी सांगू. आडोशाले द्याचं. पन तो गडी ओळखाचा कसा? त्याचे तर पॉइंट नसतात.”

“वयनी, बॉलकडं पाहायचं नाही.”

“मंग कुठं पाहायचं?”

“ज्याच्याजवळ बॉल नाही त्याच्याकडं. पयले काहीच नाही दिसत. मंग दिसते.”

त्यानंतर मी मुरलीभाऊंना स्वतः फोन लावला. दिग्या, दोनदा चुकीचा नंबर लागला. मी म्हटलं, पॉइंटचं लिहिणार नाही, आणि ट्रॉफी वहिनी म्हणतील त्याला.

“आता बाईमानूस ठरवीन काय बास्केटबॉलचं?”

“तुमी इतके साल ठरवलंच ना, भाऊ.”

कसं तोंडातून निघालं मला ठाऊक नाही. मग म्हणाले, “ठीक हाय. गोदामासाठी दुसरा पोरगा पाहून ठेवलाच हाय माह्याकडं. तू तिथंच खुश राह्य.” आणि फोन ठेवला. वाघाच्या जिगरी दोस्ताबद्दलचं त्यांचं प्रेम तेवढ्यातच आटपलं. बॅनर मात्र अजून तसाच आहे, कारण त्याच्यावर ते स्वतः आहेत.

मी भिंतीला टेकून बसलो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. आज सांगीन.

हे जे लिहिलं ते मी वहिनींना पाठवतो आहे. मुरलीभाऊ हे माईकवर वाचणार नाहीत, ते वहिनींनाही कळतं. त्या म्हणाल्या, माझ्या तोंडानं वाचते, माईक नाही दिला तरी माझा आवाज मोठा आहे. तो आहेच, तुला सांगायला नको.

काल सकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. तुमच्या गच्चीवरून मैदान दिसतं ना, तिथून बोलत होत्या. खाली पोरं सराव करत होती. बराच वेळ नुसताच बुटांचा आणि चेंडूचा आवाज ऐकू येत होता.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “एक जाडा गडी हाय, पिवळ्या बनेनीतला. तो काहीच करत नाही. नुसता आडवा येते अन् मार खाते. पन आता तो पानी प्याले गेला, तर बाकीच्यायचे बॉल आत जानंच बंद झालं. तोच का हो?”

मी म्हटलं, “हो वयनी. तोच.”